वाहक म्हणजे रुग्ण नव्हे

(नाशिक येथे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



आजच्या व्याख्यानाचा विषय रक्ताच्या तपासणीचा आहे. परंतु तो केवळ डॉक्टरांचा विषय नाही. रक्ताचा थेंब घेण्याचे काम एका मिनिटात उरकते. त्या तपासणीतून जो एक शब्द कागदावर उमटतो, तो मात्र माणसाच्या घरात, गावात आणि सोयरिकीच्या बोलण्यात आयुष्यभर वावरत राहतो. 'वाहक' हा तो शब्द. त्याचा अर्थ गावाने कसा लावायचा, हे प्रयोगशाळा ठरवीत नाही. ते शाळेत, ग्रामसभेत आणि तालुक्याच्या कचेरीत ठरते. म्हणूनच हा विषय आपल्यापुढे मांडणे मला अगत्याचे वाटते.

नाशिक जिल्ह्याच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याच्या सुमारे ६१ लाख लोकसंख्येपैकी साडेपंधरा लाखांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत. म्हणजे दर चार माणसांमागे एक. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, बागलाण या तालुक्यांतून कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल, ठाकूर, काथोडी अशा अनेक जमाती राहतात. राज्याचे आदिवासी विकास आयुक्तालय याच शहरात आहे आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठही येथेच आहे. प्रश्न आणि तो सोडविण्याची साधने एकाच जिल्ह्यात एकत्र आली आहेत, असे फार थोड्या ठिकाणी घडते.

रोगाचे स्वरूप

सिकलसेल हा रक्तातील तांबड्या पेशींचा आनुवंशिक विकार आहे. तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते आणि ते प्राणवायू वाहून नेते. या द्रव्याच्या एका साखळीत १४६ घटक एकापुढे एक ओवलेले असतात. त्यांतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हा घटक आला की प्राणवायू कमी पडताच पेशी ताठर होते आणि विळ्यासारखी वाकते. एवढ्या मोठ्या साखळीतील हा एकच मणी बदललेला असतो, हे व्हर्नन इंग्रॅम या शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये दाखवून दिले. त्यापूर्वी १९१० मध्ये शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी अशा पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले होते. आपल्या देशात १९५२ मध्ये नीलगिरीच्या डोंगरातील आदिवासींमध्ये हा गुण प्रथम आढळला.

निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. त्यामुळे रुग्णाच्या अंगात रक्त टिकत नाही आणि डोळे पिवळसर दिसतात. ताठर पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडे, सांधे, पोट व छाती यांत असह्य वेदना उठतात. लहान मुलांचे हातपाय सुजतात. प्लीहेचे कार्य मंदावल्यामुळे जंतुसंसर्ग लवकर होतो. थंडी, ताप, अतिश्रम आणि अंगातील पाणी कमी होणे ही वेदना उठण्याची नेहमीची निमित्ते होत.

शिक्षकांनी ही लक्षणे विशेष ध्यानात ठेवावीत. एखादा विद्यार्थी हिवाळ्यात वारंवार गैरहजर राहतो, हातपाय दुखतात म्हणून रडतो, सारखे पाणी मागतो आणि पुन्हा पुन्हा लघवीला जातो. अशा वेळी त्याला कामचुकार ठरविण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. या मुलांचे पिवळे डोळे पाहून घरचे लोक कावीळ उतरविणाऱ्याकडे जातात आणि वेदना उठली की ती बाहेरची बाधा समजून भगताकडे जातात. त्यात मोलाचा वेळ दवडला जातो.

वाहक कोणाला म्हणावे

प्रत्येक माणसाला प्रत्येक गुणाची दोन जनुके मिळतात. एक आईकडून, दुसरे वडिलांकडून. हिमोग्लोबिनच्या या साखळीचेही तसेच आहे. दोन्ही जनुके बदललेली असतील, तर त्या व्यक्तीला सिकलसेलचा आजार होतो. एक बदललेले आणि एक सर्वसाधारण असेल, तर ती व्यक्ती वाहक होय. वाहकाला औषध लागत नाही, पथ्य लागत नाही. तो शेती करतो, मजुरी करतो, कबड्डी खेळतो, पोलिसात भरती होतो. अत्यंत कठोर श्रम करताना अंगातील पाणी फार कमी झाले, किंवा फार उंच पर्वतावर गेले, तर क्वचित त्रास संभवतो. एरवी त्याचे आयुष्य इतरांसारखेच असते. वाहक आज सुदृढ आहे आणि उद्या तो रुग्ण होणार नाही. जनुके जन्माबरोबर ठरतात. ती पुढे बदलत नाहीत. हा गुण स्पर्शाने लागत नाही, उष्टे खाल्ल्याने लागत नाही, रक्त दिल्याघेतल्यानेही एकाचा दुसऱ्याकडे जात नाही.

मग तपासणी कशासाठी? तर दोन वाहकांचा विवाह झाला, तर त्यांच्या अपत्यांचा प्रश्न उभा राहतो म्हणून. त्याचे गणित छापा-काट्याच्या खेळाने समजावून देता येते. आईने एक नाणे उडवावे, वडिलांनी दुसरे. दोघांचाही छापा पडला तर मूल पूर्ण निरोगी. एकाचा छापा, दुसऱ्याचा काटा, तर मूल वाहक. दोघांचाही काटा पडला, तर मूल रुग्ण. म्हणजे दर गर्भारपणात शेकडा २५ शक्यता निरोगी मुलाची, शेकडा ५० वाहकाची आणि शेकडा २५ रुग्ण मुलाची असते.

येथे एक गैरसमज सर्वत्र आढळतो. पहिले मूल रुग्ण झाले, आता पुढची तीन चांगलीच होणार, असे आईबापांना वाटते. परंतु नाण्याला मागचा डाव आठवत नाही. प्रत्येक वेळी दोन्ही नाणी नव्याने उडविली जातात आणि चारात एक ही शक्यता प्रत्येक खेपेस तेवढीच राहते.

वाहकाचा विवाह सर्वसाधारण जनुके असलेल्या व्यक्तीशी झाला, तर काही मुले वाहक होतील. रुग्ण एकही होणार नाही. रुग्णाचा विवाह सर्वसाधारण व्यक्तीशी झाला, तरीही सर्व मुले केवळ वाहक होतात. म्हणून वाहकाने लग्नच करू नये, किंवा वाहकाला मुलगी देऊ नये, या समजुतीला शास्त्राचा काडीचाही आधार नाही. लग्न ठरताना दोघांचेही निष्कर्ष सोबत पाहावेत, एवढेच शास्त्र सांगते.

हा कोणाचा दोष नव्हे

हे जनुक आमच्याच रक्तात का आले, असा प्रश्न वस्तीवर विचारला जातो आणि त्याचे उत्तर आपल्याला देता आले पाहिजे. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन या शास्त्रज्ञाने आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखविले की, सिकलसेलच्या वाहकाला घातक हिवतापापासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळते. ज्या अरण्यपट्ट्यांत पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाने मुले दगावत होती, तेथे वाहक मुले अधिक तगली आणि त्यांच्याबरोबर हे जनुकही टिकले. आफ्रिका, भूमध्य समुद्राचा परिसर, अरबस्तान आणि मध्य भारत येथे ते आढळते त्याचे कारण हेच. तेव्हा हे जनुक म्हणजे पापाचे फळ नव्हे, कुळाला लागलेला डागही नव्हे. पूर्वजांनी हिवतापाशी दिलेल्या दीर्घ झुंजीची ती खूण आहे.

शिवाय, हा केवळ आदिवासींचा प्रश्न आहे असेही मानू नये. विदर्भात अनुसूचित जातींमध्येही सिकलसेल आढळतो. थॅलेसेमिया हा याच जातीचा दुसरा विकार सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा समाजांत अधिक प्रमाणात दिसतो. एकूण भारतीयांपैकी शेकडा तीन ते चार लोक त्याचे वाहक असावेत, असा अंदाज आहे. आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. पतिपत्नींपैकी एक सिकलसेलचा आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असला, तरीही त्यांच्या मुलाला गंभीर आजार होण्याची शक्यता चारात एक राहते. म्हणून सुरगाण्याच्या पाड्याला जी तपासणी हवी, तीच नाशिक शहरातील कॉलनीलाही हवी.

उलटपक्षी, 'आदिवासी' हा एकच शब्द वापरून सर्वांना एका मापाने मोजणेही बरोबर नाही. महाराष्ट्रातील पाहण्यांत भिल्ल, पावरा, माडिया, परधान यांसारख्या जमातींत वाहकांचे प्रमाण शेकडा २० ते ३५ पर्यंत आढळले आहे. सह्याद्रीच्या बाजूच्या अनेक जमातींत ते पुष्कळच कमी आहे. या कामी पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येणार नाही. नंदुरबारच्या सातपुड्यात व अन्यत्र त्यांनी सिकलसेलच्या रुग्णांसाठी दीर्घकाळ काम केले आणि २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

इतर देशांचा अनुभव

विवाहापूर्वी किंवा अपत्यापूर्वी वाहक ओळखण्याचा प्रयोग आपणच प्रथम करीत आहोत असे नाही. जगाच्या अनुभवातून काय घ्यावे आणि काय टाळावे, हे दोन्ही शिकण्यासारखे आहे.

पूर्व युरोपातून आलेल्या अश्केनाझी ज्यू समाजात टे-सॅक्स नावाचा एक भयंकर आजार आढळतो. मूल जन्मतः ठणठणीत असते. सहा महिन्यांच्या सुमारास त्याची वाढ उलट्या दिशेने सुरू होते, दृष्टी जाते आणि बहुधा चारपाच वर्षांत ते दगावते. या समाजात तीसात एक व्यक्ती वाहक असते. १९६९ मध्ये या रोगाचे कारण असलेल्या विकराची उणीव ध्यानात आली आणि रक्तावरून वाहक ओळखणे शक्य झाले. १९७१ मध्ये अमेरिकेत डॉ. मायकेल कॅबॅक यांनी या समाजात तपासणीची मोहीम सुरू केली. तिचे वैशिष्ट्य असे की, रक्त घेण्याआधी धर्मगुरू, समाजाचे पुढारी आणि डॉक्टर यांनी एकत्र बसून लोकांना विषय समजावून दिला, आणि तपासणी लोकांच्या प्रार्थनामंदिरांतूनच झाली. पुढे उत्तर अमेरिकेतील त्या समाजात या रोगाच्या बालकांचे जन्म शेकडा ९० हून अधिक घटले.

ज्यांच्यात विवाह वडीलधाऱ्यांनी ठरविण्याची रीत आहे, अशा कर्मठ ज्यूंमध्ये वाहकाला डाग लागण्याची भीती होती. टे-सॅक्सने स्वतःची चार मुले गमावलेले धर्मगुरू जोसेफ एकस्टाईन यांनी १९८३ मध्ये 'दोर येशोरीम' ही संस्था स्थापन करून त्यावर एक व्यावहारिक तोड काढली. तरुणतरुणींची तपासणी होते, पण निष्कर्ष सांगितला जात नाही. केवळ एक क्रमांक दिला जातो. स्थळ आले की दोघांचे क्रमांक संस्थेला कळवावयाचे. हे लग्न अपत्याच्या दृष्टीने सुरक्षित आहे की नाही, एवढेच उत्तर मिळते. कोणी कोणाला वाहक म्हणून बोट दाखवीत नाही. आपल्याकडे ही पद्धत जशीच्या तशी आणता येईल असे नाही. तिच्या मुळाशी असलेला विचार मात्र घेण्यासारखा आहे: गावाला गोष्ट कळण्याची गरज नाही, ज्यांचे लग्न आहे, त्यांना कळणे पुरेसे आहे.

याच संदर्भात आपल्या मराठी भाषक बेने इस्राएल बांधवांची आठवण होते. कोकण किनाऱ्यावरील गावांतून तेलाचे घाणे चालविणाऱ्या आणि शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या या समाजाला लोक 'शनिवार तेली' म्हणत. धर्म एकच असला, तरी अश्केनाझी ज्यूंच्या रोगांची यादी त्यांना जशीच्या तशी लावता येत नाही. त्यांच्या रक्तात ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशधारा मिसळल्या आहेत, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसून आले. कोणती तपासणी कोणाला उपयोगी, हे धर्माच्या किंवा जातीच्या नावावरून ठरत नाही. कित्येक पिढ्यांच्या रक्तसंबंधांवरून ठरते.

सायप्रस या बेटावर सातात एक माणूस थॅलेसेमियाचा वाहक आहे. तेथील धर्मपीठाने १९८३ पासून विवाहापूर्वी तपासणीचा दाखला आवश्यक केला. दाखल्यावर निष्कर्ष लिहिला जात नाही. तपासणी झाली आणि सल्ला मिळाला, एवढेच लिहिले जाते. बहुतेक जोडप्यांनी लग्ने मोडली नाहीत. माहिती घेऊन पुढची काळजी घेतली. थॅलेसेमियाच्या बालकांचे जन्म तेथे जवळजवळ थांबले.

आता दुसरी बाजू पाहा. अमेरिकेत १९७० नंतरच्या काही वर्षांत कित्येक राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी सिकलसेलच्या तपासणीचे कायदे घाईने केले. वाहक आणि रुग्ण यांतील फरक लोकांना समजावून देण्यात आला नाही. परिणामी निरोगी वाहकांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विम्याचे हप्ते वाढले आणि वायुदलाच्या प्रबोधिनीचे दरवाजे १९८१ पर्यंत त्यांना बंद राहिले. ग्रीसमध्ये ऑर्कोमेनॉस परिसरातील खेड्यांतही तपासणी झाली. तेथे वाहकांना स्थळे मिळणे कठीण झाले, म्हणून लोक निष्कर्ष लपवू लागले. आणि दोन वाहकांचे विवाह जसे पूर्वी होत, तसेच होत राहिले. तपासणी पार पडली, पण ज्या हेतूने ती केली, तो हेतूच साधला नाही.

साधन तेच, सुईही तीच. एके ठिकाणी त्याने घरे वाचविली आणि दुसऱ्या ठिकाणी माणसांना वाळीत टाकले. हा फरक वैद्यकाने पाडला नाही. तो समाजाच्या वागणुकीने पाडला.

आपल्याकडील व्यवस्था

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. १७ राज्यांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत या रोगाचे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून निर्मूलन, अशी त्याची उद्दिष्टे आहेत. महाराष्ट्राचा त्यात समावेश आहे. मुंबईची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था आणि तिचे चंद्रपूर येथील केंद्र यांच्या रूपाने या कामातील तज्ज्ञता आपल्या राज्यातच उपलब्ध आहे.

तपासणी दोन टप्प्यांत होते. गावपातळीवर विद्राव्यता चाचणी होते. रक्ताचा थेंब द्रावणात टाकला की सिकलसेलचे हिमोग्लोबिन असल्यास द्रावण गढूळ होते. ही चाचणी स्वस्त व सोपी आहे; परंतु समोरची व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे तिला सांगता येत नाही. ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या दुसऱ्या चाचणीने ठरते. म्हणून दुसऱ्या चाचणीचा निष्कर्ष हाती येईपर्यंत कोणालाही काहीही अंतिम म्हणून सांगू नये. सहा महिन्यांच्या आतील बालकांत ही पहिली चाचणी भरवशाची नसते. नुकतेच रक्त चढविलेल्या व्यक्तीचा निष्कर्षही फसवा ठरू शकतो. आणि थॅलेसेमियाचा वाहक पहिल्या चाचणीत मुळीच दिसत नाही. त्याच्या तांबड्या पेशी आकाराने लहान असतात, पण लोहाच्या कमतरतेतही त्या लहानच असतात. त्यामुळे लोहाच्या गोळ्या घेऊनही ज्याचे रक्त वाढत नाही, त्याची पुढील तपासणी करावी.

तपासणीचा काळही विचारपूर्वक निवडावा लागतो. पेठ, सुरगाणा या भागांतील कुटुंबे भाताची कापणी आटोपली की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. त्या महिन्यांत पाड्यावर पथक नेले, तर म्हातारी माणसे आणि लहान मुले तेवढी भेटतील. ज्या तरुणांची लग्ने व्हावयाची आहेत, ते बागेत असतील. तेव्हा तपासणीचे वेळापत्रक शासकीय वर्षाच्या सोयीने न आखता गावाच्या पंचांगाने आखावे. पाड्यावर जे भेटत नाहीत, त्यांच्यासाठी मजुरांच्या मुक्कामी पथक जावे.

विवाह झाला असेल तर

पुष्कळ जोडप्यांना आपण वाहक असल्याचे लग्नानंतरच कळते. त्यांच्यासाठीही मार्ग आहे. गरोदरपणाची नोंद पहिल्या तीन महिन्यांत व्हावी आणि पत्नी वाहक आढळल्यास त्याच आठवड्यात पतीची तपासणी व्हावी. दोघेही वाहक असल्यास साधारण ११ व्या आठवड्यापासून गर्भाची तपासणी मोठ्या केंद्रांत करता येते. आपल्या राज्याने प्रसूतिपूर्व निदानाच्या गैरवापराविरुद्ध १९८८ मध्ये देशात सर्वांआधी कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला. या कायद्याने गर्भलिंग सांगण्यास कडक बंदी आहे. परंतु हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक रोगांसाठी नोंदणीकृत केंद्रात निदान करण्यास अनुमती आहे. हा भेद ठाऊक नसल्यामुळे एखादा कर्मचारी घाबरून जोडप्याला परत पाठवील, तर त्यात कायद्याचे पालन होत नाही. त्या कुटुंबावर अन्याय मात्र होतो.

गर्भ रुग्ण असल्याचे कळल्यावर पुढे काय करावयाचे, हा निर्णय त्या पतिपत्नींचा आहे. गर्भपाताचा १९७१ चा कायदा व त्यातील २०२१ ची सुधारणा यांच्या मर्यादेत त्यांना जो मार्ग योग्य वाटेल, तो त्यांनी घ्यावा. सल्ला देणाऱ्याचे काम माहिती देण्याचे आहे. दोहोंपैकी कोणत्याही बाजूला ढकलण्याचे नाही. आपल्याकडे उद्दिष्टे आकड्यांत मोजण्याची सवय आहे. पण निर्मूलन रोगाचे करावयाचे आहे, रुग्णांचे नव्हे, याचे भान सुटता कामा नये.

जी मुले या आजारासह जन्माला आली आहेत, त्यांना आज पुष्कळ मदत करता येते. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात. फॉलिक आम्ल, वेळेवरच्या लसी, भरपूर पाणी, थंडीत गरम कपडे आणि ताप येताच दवाखाना, एवढ्या गोष्टी नियमाने पाळल्या, तर ही मुले शिकतात, मोठी होतात, संसार करतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांचा समावेश आहे. त्याचे प्रमाणपत्र मिळवून देण्यास ग्रामसेवकाने आणि शिक्षकाने हात द्यावा.

आपले कर्तव्य

आता शेवटी आपल्या प्रत्येकाच्या वाट्याला काय येते, ते थोडक्यात सांगतो.

शिक्षकांनी आनुवंशिकतेचा पाठ केवळ मेंडेलच्या वाटाण्यांवर न थांबविता छापा-काट्याच्या खेळापर्यंत आणावा. विज्ञानाच्या पुस्तकात जो विद्यार्थी हे समजून घेईल, तो पुढे लग्नाच्या वेळी घाबरणार नाही. आश्रमशाळेत तपासणी झाली, तर निष्कर्षाची यादी वर्गात वाचू नये, फलकावर लावू नये, शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. वाहक मुलांची वेगळी पंगत किंवा वेगळी खोली तर कदापि करू नये. रुग्ण मुलाला मात्र वर्गात पाण्याची बाटली ठेवण्याची आणि हवी तेव्हा बाहेर जाण्याची मुभा द्यावी. पहाटेच्या थंडीत गार पाण्याची आंघोळ त्याला घालू नये.

पंचायत सदस्यांकडे सर्वांत नाजूक काम आहे. पेठ, सुरगाणा, कळवण यांसारख्या अनुसूचित क्षेत्रांत ग्रामसभेच्या शब्दाला कायद्यानेही वजन आहे. त्या ग्रामसभेने ठराव करावा की, आमच्या गावात कोणाचाही निष्कर्ष चव्हाट्यावर आणला जाणार नाही आणि वाहक म्हणून कोणाचीही सोयरीक मोडली जाणार नाही. जमातीच्या पंचांना आणि लग्ने जुळविणाऱ्या वडीलधाऱ्यांना या कामात आधी सामील करून घ्यावे. ज्यू समाजाच्या अनुभवाचा हाच तर धडा आहे. आणखी एक काळजी घ्यावी. आपल्याकडे लग्न मोडले, की बोल मुलीला लागतो. मूल आजारी झाले, की दोष आईला दिला जातो. पण रुग्ण मुलाला एक जनुक आईकडून आणि एक वडिलांकडूनच आलेले असते. म्हणून तपासणीला मुलीच्या आधी मुलाला उभे करावे. सरपंचाने आपल्या स्वतःच्या मुलाला सर्वांत पुढे उभे केले, तर त्यापेक्षा प्रभावी भाषण दुसरे नाही.

अधिकारी मित्रांनी मासिक अहवालात केवळ 'तपासलेल्यांची संख्या' न पाहता आणखी दोन आकडे मागावेत: दुसऱ्या चाचणीने पक्के झालेले निष्कर्ष किती, आणि त्यांपैकी किती जणांना ते एकांतात, त्यांच्या बोलीत, समजेल असे सांगितले. कोकणी, भिली किंवा वारली बोलणाऱ्या घरात कार्यालयीन मराठीत छापलेले कार्ड देऊन सल्ला पूर्ण होत नाही. आशा कार्यकर्तीला, ती त्याच पाड्यावरची असते म्हणून, हे काम उत्तम जमते. परंतु गुप्तता पाळण्याचे शिक्षण तिलाही दिले पाहिजे आणि त्या कामाचा मोबदलाही वेळेवर मिळाला पाहिजे.

मित्रहो, आपल्या लोकांनी रक्ताचे नाते फार मोठे मानले आहे. सोयरीक जुळविताना कूळ पाहिले जाते, घर पाहिले जाते, मुलामुलीची पसंती पाहिली जाते. त्यात आता रक्ताच्या एका तपासणीची भर पडावी. ती कोणाला बाजूला सारण्यासाठी नाही; जन्माला येणाऱ्या मुलाच्या हातापायांत वेदना राहू नयेत, यासाठी आहे. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे पाच शब्दांपेक्षाही लहान वाक्य आहे. ते जिल्ह्यातील प्रत्येक पाड्यावर पोहोचले, तर अभियानाचे अर्धे काम झाले असे समजावे. उरलेले अर्धे काम प्रयोगशाळा करतील.

 जय हिंद! जय महाराष्ट्र!